डोंगरात शिरलेला समुद्र

भोरहून रायरेश्वराकडे जाताना वाटेत आंबवडे गाव लागते. तेथे झाडीत नागेश्वराचे देऊळ आहे आणि ओढ्यावर संस्थानकाळातला एक झुलता पूल आहे. पुलाच्या मध्यावरून खाली पाहिले की ओढ्याचे काम ध्यानात येते. पाणी वाहते ते अरुंद पट्ट्यातून. ते पात्राचा तळ कापीत राहते आणि दोन्ही उतारांवरची माती व दगड पावसाबरोबर हळूहळू खाली ओघळत येतात. पाण्याने खाली कापायचे आणि उतारांनी बाजूने झिजायचे, असा हा कारभार लाखो वर्षे चालतो. म्हणूनच डोंगराळ मुलखातील नदीची दरी आडवी छेदून पाहिली, तर ती इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. भूगोलाच्या वहीत ही आकृती तुम्ही काढलेली असेल.

आता याच तालुक्यातले दुसरे दृश्य डोळ्यांपुढे आणा. पावसाळा संपत आला आहे आणि भाटघरचे धरण काठोकाठ भरले आहे. येळवंडी नदीच्या दरीत पाणी दूरवर आत गेले आहे. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरल्या आहेत आणि दोन सोंडांमध्ये पाण्याचे फाटे शिरले आहेत. नॉर्वे देशातील फियॉर्डची चित्रे ज्याने पाहिली आहेत, तो म्हणेल, “हा तर आपल्याकडचा फियॉर्डच!”

हे म्हणणे बरोबर आहे काय? उत्तर देण्यापूर्वी खऱ्या फियॉर्डमधून बोटीने एक फेरी मारून आले पाहिजे. चला तर मग!

फ्लॉम ते गुडवांगेन

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर सोग्नेफियॉर्ड नावाचा समुद्राचा एक फाटा सुमारे २०० किलोमीटर आत गेला आहे. मुंबईचा समुद्र सह्याद्री ओलांडून जवळजवळ भिगवणपर्यंत आला आहे, अशी कल्पना करा. म्हणजे या लांबीचा अंदाज येईल. या मोठ्या फियॉर्डला अनेक शाखा आहेत. त्यांपैकी ऑर्लांड नावाच्या शाखेच्या टोकाला फ्लॉम हे छोटे गाव आहे. डोंगरावरच्या मिर्डाल स्थानकातून येथे रेल्वे उतरते. अवघ्या २० किलोमीटरांच्या अंतरात ती ८६० मीटरांहून अधिक खाली येते आणि समुद्राच्या काठावर थांबते. तेथूनच आपल्याला बोट घ्यायची आहे. फ्लॉमहून गुडवांगेन या गावापर्यंतचा प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. २०१८ सालापासून या मार्गावर केवळ बॅटरीवर चालणारी बोटही आहे. इंजिनाचा धडधडाट नसल्यामुळे कड्यांवरून कोसळणाऱ्या धबधब्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

बोट सुटते. डाव्या काठाला उंड्रेडाल नावाचे चिमुकले गाव दिसते. तेथील लोक शेळ्या पाळतात आणि त्यांच्या दुधाचे चीज करतात. पुढे बोट डावीकडे वळते आणि नेरॉयफियॉर्डमध्ये शिरते. येथे मात्र बोलणे थांबते आणि माना वर होतात. दोन्ही बाजूंना हजार मीटरांहून उंच डोंगर आहेत. ते पाण्यातून जवळजवळ सरळ उभे राहिले आहेत. अगदी अरुंद ठिकाणी या काठापासून त्या काठापर्यंतचे अंतर फक्त २५० मीटर आहे, म्हणजे तीन-चार मिनिटांच्या चालीचे! २००५ साली युनेस्कोने नेरॉयफियॉर्ड व त्याच्या उत्तरेचा गेइरांगरफियॉर्ड यांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

बोटीतून पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवा. पहिली गोष्ट, भाटघरला दिसतात तशा एकमेकींत गुंतलेल्या डोंगराच्या सोंडा येथे दिसत नाहीत. कुणी तरी कानस फिरवावी तसे काठ सरळ तासलेले आहेत. दुसरी गोष्ट, बाजूच्या लहान दऱ्या मुख्य दरीच्या तळाशी येऊन मिळत नाहीत. त्या उंच कड्यावरच संपतात आणि त्यांचे पाणी धबधब्याच्या रूपाने खाली उडी घेते. अशा दरीला लोंबती दरी म्हणतात. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे बोटीखालचे पाणी.

पाण्याखालची कहाणी

सोग्नेफियॉर्डची कमाल खोली सुमारे १३०० मीटर आहे. भाटघर धरणाची उंची सुमारे ५८ मीटर आहे. तेव्हा भाटघरचे पाणी धरणाच्या भिंतीजवळही यापेक्षा खोल असू शकत नाही. अशी बावीस धरणे एकावर एक रचली, तरी सोग्नेफियॉर्डचा सर्वांत खोल भाग जेमतेम भरेल.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. एवढा खोल असलेला हा फियॉर्ड समुद्राला मिळतो तेथे मात्र उथळ आहे. तोंडाशी त्याची खोली २०० मीटरांपेक्षाही कमी आहे. घराच्या दाराला उंबरठा असावा, तसा फियॉर्डच्या तोंडाशी खडकाचा उंबरठा असतो. नदीने कोरलेल्या दरीत असे कधी होत नाही. नदी उताराने वाहते. तिची दरी समुद्राकडे जाताना खोल होत जाईल, पण मध्येच हजार मीटर खोल खड्डा खणून पुन्हा वर चढणार नाही. शिवाय नदी समुद्रसपाटीला पोचली की तिचे खाली कापण्याचे काम थांबते. मग समुद्रसपाटीच्या खाली १३०० मीटरपर्यंत खडक खणला कोणी?

हे काम बर्फाचे आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग भरात होते. तेव्हा उत्तर युरोपचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. काही ठिकाणी या थराची जाडी दोन-तीन किलोमीटरपर्यंत होती. हिमयुगे अशी अनेकदा आली आणि गेली. प्रत्येक वेळी जुन्या नद्यांच्या दऱ्यांतून हिमनद्या समुद्राकडे सरकत गेल्या.

एक किलोमीटर जाडीच्या बर्फाचा भार तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९०० टन पडतो. हिमनदीच्या तळाशी दगडगोटे गोठून अडकलेले असतात. एवढ्या भाराखाली ते खडकावरून घासत जातात. कानशीच्या दात्यांनी लोखंड झिजावे, तसा खडक झिजतो. नदी फक्त तळाची एक रेघ कापते; हिमनदी मात्र तळ आणि दोन्ही बाजू एकदमच घासते. त्यामुळे ‘व्ही’ची दरी रुंद होऊन इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी होते. डोंगराच्या सोंडा छाटल्या जातात. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढे खोल खणता येत नाही, म्हणून त्यांच्या दऱ्या वरच लोंबत राहतात. बोटीतून टिपलेल्या पहिल्या दोन गोष्टींचा उलगडा असा होतो.

समुद्रसपाटीखालच्या खोदकामाचे काय? बर्फ पाण्यावर तरंगते खरे, पण तरंगताना त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्यात बुडालेला असतो. म्हणजे हजार मीटर जाडीच्या हिमनदीला तरंगण्यासाठी सुमारे ९०० मीटर खोल पाणी पाहिजे. तेवढे पाणी मिळेपर्यंत ती तळावर टेकून खडक खणीतच राहते. फियॉर्डच्या तोंडाशी मात्र तिला पसरायला मोकळी जागा मिळते. तेथे ती पातळ होते, तिचा जोर ओसरतो आणि तेथला खडक कमी झिजतो. हाच तो उंबरठा! पुढे हवा उबदार झाली, बर्फ वितळले, समुद्राची पातळी वाढली आणि रिकाम्या झालेल्या दरीत खारे पाणी शिरले. हिमनदीने कोरलेली व समुद्राने भरलेली अशी दरी म्हणजे फियॉर्ड होय.

मग भाटघरचे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. भाटघरची दरी येळवंडी नदीने कापलेली आहे. तेथे पाणी भरले ते समुद्राने नव्हे, तर १९२८ साली पुऱ्या झालेल्या धरणाच्या भिंतीने. पाणी भिंतीकडे खोल आणि वरच्या अंगाला उथळ होत जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. या पाण्याखाली एके काळी माणसांची शेते आणि घरे होती, याची ते देऊळ दर वर्षी आठवण देते. भाटघर हा फियॉर्ड नाही. ती पाण्याखाली गेलेली नदीची दरी आहे.

समुद्राने बुडवलेली नदीची दरी पाहायची असेल, तर वरंधा घाटाने महाडला उतरून सावित्रीच्या काठाने बाणकोटपर्यंत जावे. घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. पूर्वेकडचे पाणी नीरा, भीमा आणि कृष्णा या नद्यांतून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडचे पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत येते. हिमयुगात जगातील कितीतरी पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकून पडले होते. त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळल्यावर समुद्र वर चढला आणि कोकणातील नद्यांच्या मुखांत शिरला. नॉर्वेचे फियॉर्ड भरणारा आणि कोकणच्या खाड्या भरणारा समुद्र एकच. फरक आहे तो दरी कोरणाऱ्यात.

सह्याद्रीवर त्या हिमयुगात हिमनद्या नव्हत्या. पण महाराष्ट्रात बर्फाच्या खुणा मुळीच नाहीत, असे मात्र समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने ओढले. त्या वेळी भारतीय भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला, म्हणजे त्या ओरखड्यांपेक्षा कितीतरी नंतर! या खडकाच्या थरांमुळे आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. म्हणून त्यांना ‘दख्खनचे ट्रॅप’ असे नाव मिळाले. यातील ‘ट्रॅप’ हा शब्द मूळचा स्वीडिश भाषेतील असून त्याचा अर्थ जिना असा आहे. फियॉर्डच्या शेजारच्या देशातला शब्द आपल्या डोंगराला चिकटला तो असा.

आधार गेलेला कडा

फियॉर्डचे सौंदर्य त्याच्या उभ्या कड्यांत आहे. त्याचा धोकाही तेथेच आहे. हिमनदीने कडे तासले, तेव्हा ती स्वतः दरीत भरलेली होती आणि कड्यांना तिचा टेकू होता. बर्फ वितळले आणि टेकू गेला. खडकातील भेगा हळूहळू उघडू लागल्या. भेगांत पाणी शिरते, थंडीत ते गोठते, गोठताना फुगते आणि भेग आणखी रुंद करते. एखाद्या दिवशी कड्याचा मोठा भाग सुटतो आणि खालच्या खोल पाण्यात कोसळतो.

७ एप्रिल १९३४ रोजी पहाटे टाफियॉर्डमध्ये असेच झाले. डोंगराचा प्रचंड तुकडा पाण्यात पडला. काठावर पाणी सुमारे ६० मीटर उंचीपर्यंत चढले आणि ४० माणसे बुडाली. लोवात्न नावाच्या सरोवराकाठी १९०५ साली ६१ माणसे अशाच लाटेत गेली होती. तेथील लोकांनी घरे पुन्हा बांधली. १९३६ साली तोच डोंगर पुन्हा कोसळला आणि आणखी ७४ माणसे मेली.

फियॉर्डमधील लाट एवढी भयंकर का असते? उघड्या समुद्रात लाटेची शक्ती सर्व दिशांना पसरून विरळ होते. फियॉर्डच्या भिंती तिला पसरू देत नाहीत. तिचा वेगही मोठा असतो. पाण्याच्या खोलीच्या मानाने खूप लांब असलेल्या लाटेचा वेग काढण्याचे सूत्र सोपे आहे. गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. खोली ३०० मीटर धरली तर ९.८ × ३०० = २९४०, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ५४. म्हणजे लाट सेकंदाला ५४ मीटर, ताशी सुमारे १९५ किलोमीटर या वेगाने धावेल. दहा किलोमीटरांवरच्या गावात ती तीन मिनिटांत पोचेल!

१६ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डिक्सन फियॉर्डमध्ये डोंगराचा माथा ढासळला. त्याच्या पायथ्याची हिमनदी तापमानवाढीमुळे पातळ होत गेली होती, त्यामुळे डोंगराचा आधार कमी झाला होता. सुमारे २०० मीटर उंचीची लाट उठली. तेथे वस्ती नसल्यामुळे प्राणहानी झाली नाही. पण त्यानंतर जगभरच्या भूकंपमापकांवर एक विलक्षण नोंद होऊ लागली. दर ९० सेकंदांच्या आसपास एक मंद कंप येई, आणि तो नऊ दिवस टिकला! परातीतले पाणी हलवले की ते या काठाकडून त्या काठाकडे झुलत राहते. फियॉर्डमधले पाणी तसेच झुलत होते आणि त्याच्या धक्क्याने पृथ्वी कंप पावत होती. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून हे कोडे सोडवले आणि २०२४ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

डोंगरावर पहारा

गेइरांगरच्या जवळ ओकेरनेस नावाचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर शेकडो मीटर लांबीची भेग पडली आहे आणि ती दर वर्षी काही सेंटिमीटरांनी रुंदावते. पर्यटकांच्या बोटी ज्या पाण्यातून जातात, त्याच्याच वरचा हा डोंगर! नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यावर रात्रंदिवस पहारा ठेवला आहे. भेगेवर अंतरमापके बसवली आहेत. खडकात खोल विवरे पाडून आतील हालचाल व पाण्याची पातळी मोजली जाते. उपग्रह आणि रडार यांच्या साहाय्याने कड्याच्या पृष्ठभागाचे सरकणे टिपले जाते. खालच्या गावांत भोंगे आहेत. डोंगर एकाएकी पडत नाही. पडण्यापूर्वी त्याचा वेग वाढत जातो, या अनुभवावर हा सारा पहारा आधारलेला आहे. वसंतात बर्फ वितळून पाणी भेगांत उतरते, तेव्हा तेथील सरकण्याचा वेग वाढतो, असेही आढळले आहे.

येथे नॉर्वे आणि सह्याद्री पुन्हा एकत्र येतात. आपल्याकडे हिमनदी नाही. पण पावसाचे पाणी आहे. मुरलेले पाणी माती जड करते, तिच्या कणांची एकमेकांवरची पकड ढिली करते आणि उतार सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसांचा अंत झाला. सह्याद्रीच्या प्रत्येक वाडीवर महागडी यंत्रे बसवणे कठीण आहे. परंतु डोंगर देतो त्या काही सूचना साध्या डोळ्यांनाही दिसतात. उतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब एका बाजूला कलणे, घराच्या भिंतींना व जमिनीला अचानक तडे जाणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवीच जागा फुटून पाणी वाहू लागणे या त्या सूचना होत. मोठ्या पावसात यांतले काहीही दिसले, तर थांबून पाहत बसू नये. घरच्यांना उताराखालून दूर न्यावे आणि पोलीस पाटलांना किंवा तलाठ्यांना ताबडतोब कळवावे.

करून पाहा

१. आपल्या भागाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा समोच्च रेषांचा नकाशा शिक्षकांकडून मिळवा. दरीच्या या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत एक सरळ रेघ आखा. ती प्रत्येक समोच्च रेषेला जेथे छेदते तेथली उंची टिपा आणि आलेखाच्या कागदावर मांडा. बिंदू जोडले की दरीचा छेद तयार होईल. उभे व आडवे प्रमाण सारखे ठेवा, नाही तर साधा उतारही कड्यासारखा दिसेल. शेजारी त्याच प्रमाणात नेरॉयफियॉर्डचा ढोबळ छेद काढा: पाणी २५० मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना हजार मीटरांचे उभे चढ. दोन्ही आकृत्यांतील फरकाची कारणे लिहा.

२. परातीत दोन बोटे पाणी घ्या. एका काठावरून त्यात खडा सोडा आणि लाट दुसऱ्या काठाला किती वेळात पोचते ते पाहा. मग दोन लांब फळ्या पाण्यात उभ्या करून मध्ये अरुंद वाट ठेवा आणि तेवढाच खडा त्या वाटेच्या टोकाशी टाका. दूरच्या टोकाला लाट केव्हा जास्त उंच येते? हा प्रयोग वर्गात सर्वांसमोर करा. टाफियॉर्डच्या लोकांवर काय गुदरले असेल, याची थोडीशी कल्पना त्यावरून येईल.